तालीम कोल्हापुरात, तक्रार कुठे?

कर्नाटकातल्या निपाणीच्या मुलीने कुस्तीसाठी कोल्हापूर गाठणं नवं नाही. पण तिथे प्रशिक्षकाने लैंगिक छळ केला, तर दाद कुठे मागायची? कायदे केंद्राचे, त्यामुळे सीमाप्रश्न निदान इथे तरी आडवा येत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३च्या कायद्यात क्रीडासंस्था, मैदान, स्पर्धेचं ठिकाण हेही ‘कामाचं ठिकाण’च, तक्रारदार तिथे नोकरीला असायलाच हवी असं नाही. तक्रारीची मुदत तीन महिने, आणखी तीन वाढू शकतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील (छोट्या तालमी बहुधा यातच मोडाव्यात), तर कोल्हापूर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातला पॉक्सो कायदा लागू होतो. मग माहीत असूनही पोलिसांना न कळवणारा स्वतःच गुन्हेगार ठरतो. आणि दखलपात्र गुन्हा असेल, तर ‘हद्द आमची नाही’ म्हणून निपाणीच्या ठाण्याला तिला परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर नोंदवून कोल्हापूरकडे वर्ग करावा लागतो.