चाकोरीतली भ्रमंती : जुनी जीप आणि श्रावकाची मर्यादा

गेल्या काही वर्षांत शहरी कुटुंबांत एक नवी हौस रुजू लागली आहे. चारही चाकांना जोर देणारी जुनी जीप विकत घ्यावी आणि सुट्टीच्या दिवशी डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या कच्च्या वाटांनी हिंडावे, अशी ही हौस आहे. नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर या शहरांना सह्याद्री उंबऱ्याशीच असल्यामुळे त्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या समाजातील तरुणही या हौसेपासून अलिप्त राहिलेले नाहीत. घरातील वडीलधारी मंडळी मात्र थबकतात. त्यांच्या मनात दोन शंका असतात. जुन्या गाडीत पैसे बुडणार तर नाहीत, ही पहिली. चाकाखाली जीव जातील त्याचे काय, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दोन्हींचे उत्तर शोधल्यावाचून गाडी दारात आणू नये.

दुसरी शंका तर फार जुनी आहे. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील प्रमादचर्येमध्ये निष्कारण जमीन उकरणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे यांच्याबरोबरच निष्कारण फिरणे आणि इतरांना फिरविणे यांचाही समावेश आहे. म्हणजे केवळ मौजेखातर रानात गाडी घालणे हे या व्याख्येत अगदी नेमके बसते. तेव्हा प्रश्न गाडी कोणती घ्यावी इतकाच नाही. कोणत्या प्रयोजनासाठी घ्यावी आणि कोठे थांबवावी, हा खरा प्रश्न आहे.

गाडीची निवड

आपल्याकडे 'जीप' हा शब्द महिंद्राच्या गाड्यांमुळे घरोघरी पोचला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने अमेरिकी विलिज जीपची जुळणी भारतात सुरू केली आणि पुढे अनेक दशके शेतकरी, पोलीस व सरकारी खाती यांच्या सेवेत त्याच घाटणीची गाडी राहिली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. २०१० मध्ये महिंद्राची थार आली आणि २०२० मध्ये तिचे संपूर्ण नवे रूप बाजारात आले. जुन्या बाजारात प्रामुख्याने याच गाड्या दिसतात. लष्कराने लिलावात काढलेल्या, 'डिस्पोजल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीपही अधूनमधून विक्रीस येतात. मात्र त्यांची कागदपत्रे दुप्पट काळजीने तपासावीत.

अशा गाडीचे वैशिष्ट्य तिच्या वेगात नसून संथपणात आहे. मुख्य गिअरपेटीला जोडलेल्या ट्रान्सफर केसमुळे इंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांना देता येते. 'लो' गिअर टाकला की चाके अगदी सावकाश, पण मोठ्या जोराने फिरतात. उतारावर याच गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. जुन्या जीपमध्ये ही चारचाकी जोडणी कोरड्या डांबरावर वापरू नये. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि तो ताण शेवटी दातेरी चाकांवर येतो.

आधी कागद, मग गाडी

जुनी गाडी घेताना बहुतेकांची नजर रंगावर आणि टायरांवर जाते. ती प्रथम नोंदणी पुस्तकावर जावी. पुस्तकातील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. नोंदणीत एखाद्या बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा असेल, तर कर्ज फेडल्याची तोंडी ग्वाही पुरेशी नाही. संस्थेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ यांच्या आधारे तो बोजा परिवहन कार्यालयाच्या दप्तरातून उतरला पाहिजे. तोपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

हस्तांतरासाठी नमुना २९ आणि नमुना ३० लागतात. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतील असेल, तर नमुना २८ वरील ना हरकतही लागते. परराज्यातील गाडी स्वस्त वाटते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील गाड्या आपल्याकडे बऱ्याच येऊ लागल्या. परंतु येथील कर आणि पुनर्नोंदणीचा खर्च मिळवल्यावर तो स्वस्तपणा किती उरतो, हे कागदावर मांडून पाहावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते आणि त्या वेळी गाडीची योग्यता तपासली जाते. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने ही तपासणी वर्षभरावर आली आहे, हे ध्यानात ठेवावे.

विक्रेत्यानेही सावध राहिले पाहिजे. गाडी दिली, पैसे घेतले, पण नोंदणी आपल्याच नावावर राहिली, असे सर्रास घडते. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी दोनतीन हातांतून गेली तरी जबाबदारी कागदावरच्या नावावरच येते. खरेदीदाराने विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा. मोठाले टायर, बदललेले इंजिन, कापलेली चासी अशा फेरफारांचीही चौकशी करावी. नोंदणीतील मूळ वर्णनाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात जातो आणि पुढे विम्याच्या दाव्यात अडचण उभी करतो.

मिस्त्रीच्या नजरेतून

कागद चोख असले तरी गाडी पाहण्यासाठी ओळखीचा, विश्वासू मिस्त्री बरोबर न्यावा आणि गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन खालून पाहावी. डोंगरात हिंडलेल्या जीपचा इतिहास तिच्या पोटावर लिहिलेला असतो. चासीवर नव्याने केलेले जोडकाम, ठोकलेले ठसे, पाट्यांना गेलेले तडे, कोकणच्या खाऱ्या हवेत धरलेला गंज या गोष्टी वरून दिसत नाहीत. डिफरन्शिअलचे तेल दुधासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी शिरले आहे, म्हणजेच गाडी ओढ्यात बुडवून चालविली गेली आहे असे समजावे. चारचाकी जोर आणि 'लो' गिअर प्रत्यक्ष कच्च्या जमिनीवर टाकून पाहावेत, कारण वर्षानुवर्षे न वापरल्याने ते अडकून बसलेले असतात. टायरच्या कडेला चार अंकी क्रमांक असतो. २३१९ असा आकडा असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शाबूत असली तरी रबर जुने झाले असेल, तर त्यावर घाटात भरवसा ठेवू नये.

हौसेचा ताळेबंद

आता हिशेब. समजा, गाडी ६ लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी ४ लाखांना विकली. घट वर्षाला ४० हजार झाली. विमा, देखभाल, टायर मिळून वर्षाला आणखी ५० हजार धरू. वर्षातून बारा वेळा गाडी डोंगरात नेली, तर इंधनाचा खर्च सोडून प्रत्येक फेरीस साडेसात हजार रुपये पडतात. गाडी कर्जाने घेतली असेल तर व्याज निराळे, आणि जुन्या गाडीवरील कर्जाचा दर नव्या गाडीहून सहसा अधिकच असतो. तेवढ्या पैशांत गावातील जीप चालकासह भाड्याने मिळू शकते आणि गावातल्या माणसाला रोजगारही मिळतो. हे गणित मांडूनही गाडी घ्यावीशी वाटली, तर तिच्यामागे हौसेखेरीज आणखी प्रयोजन असले पाहिजे.

असे प्रयोजन आपल्या समाजात आहे. मुनिसंघाचा विहार सुरू असतो, तेव्हा चौक्याचे सामान गावोगाव आधी पोचवावे लागते. पाणंदीतून, चिखलातून, वस्तीवरच्या शाळेपर्यंत वाट काढणारी गाडी त्या वेळी उपयोगी पडते. पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने चालणाऱ्या साधूंच्या मागे, दिवे लावून, पायांच्या गतीने चालणारी गाडी ही तर सुरक्षेचीच गोष्ट आहे. दूरच्या तीर्थाच्या पायथ्यापर्यंत आजी-आजोबांना नेणे हेही प्रयोजनच आहे.

वाटा कोणत्या

नाशिक जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. मनमाडजवळ अणकाई आणि टणकाई हे जोडकिल्ले आहेत आणि टणकाईच्या कुशीत कोरीव दुमजली जैन लेणी आहेत. चांदवडच्या डोंगरात तीर्थंकरमूर्ती असलेले लेणे आहे. इगतपुरीजवळ त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी ऋषभनाथांचे लेणे असून तेथील मूर्तीच्या आसनावरील लेख शके १२६६, म्हणजे इ. स. १३४४ चा आहे. बागलाणातील मांगी-तुंगी सर्वांना परिचित आहे. तेथे ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठापना २०१६ मध्ये झाली.

या सर्व स्थळांच्या पायथ्याच्या गावापर्यंत साधी मोटारही जाते आणि पुढचा चढ पायांनीच चढायचा असतो. जीप लागते ती गावांना जोडणाऱ्या आडवाटांसाठी. एका लेण्याहून दुसऱ्याकडे महामार्गाने न जाता बैलगाडीच्या वाटेने, वस्त्या पाहत, लोकांशी बोलत जाण्यात वेगळे समाधान आहे. मुलांना जमिनीचा रंग, पिकांची नावे, पाण्याची टंचाई या गोष्टी तेथेच कळतात. मात्र ही वाट गावाची असते. शेताच्या बांधातून जाण्यापूर्वी मालकाला विचारावे, फाटक उघडले तर पुन्हा लावावे. राखीव वनात वा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून गाडी नेणे हा गुन्हा आहे, मग वाट कितीही मोकळी दिसो.

निघण्याआधी टायरमधील हवा, सुटे चाक, जॅक, ओढण्यासाठी मजबूत पट्टा आणि औषधांची पेटी तपासावी. शक्यतो दोन गाड्यांनी जावे. एक रुतली तर दुसरी टोचन करून काढते. रात्रिभोजनत्यागाची आपली शिस्तही येथे उपयोगी ठरते. घरून दशम्या, खाखरे आणि उकळलेले पाणी घेऊन सकाळी निघावे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून डांबरी रस्त्याला लागावे. डोंगरातील कच्च्या वाटेवर अंधार पडू न देणे हा कोणत्याही चालकासाठी चांगला नियम आहे.

पावसाळ्यातील संयम

आडवाटांच्या हौशी मंडळींचा आवडता काळ पावसाळा असतो. चिखल, ओढे, हिरवी पठारे यांची छायाचित्रे याच दिवसांत निघतात. नेमक्या याच काळात आपले साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. पावसात जमीन जीवांनी भरून जाते, पाऊल कोठेही पडले तरी हिंसा घडते, हे चातुर्मासामागील कारण प्रत्येक घरात ठाऊक आहे. पाऊल जपणाऱ्या परंपरेने दीड-दोन टनांच्या गाडीचा विचार तर अधिकच करावा.

सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे पाहिले की हे लगेच पटते. खडकावर बोटभर मातीचा थर, त्यावर काही आठवडेच फुलणारी रोपे, खळग्यांत साचलेल्या पाण्यात बेडकांची पिले. साताऱ्याजवळील कास पठार याच वैभवामुळे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. अशा थरावरून चाक एकदा गेले की माती दबते, त्या चरातून पुढचे पाणी वाहते आणि उरलेला थरही धुऊन नेते. ओढ्याच्या पात्रातून गंमत म्हणून गाडी पळविली, तर तळाशी असलेले खेकडे, शंख, माशांची अंडी चिरडली जातात. चालकाला यांतील काहीच दिसत नाही.

यावर उपाय अवघड नाही. आषाढ ते कार्तिक या चार महिन्यांत गाडी कच्च्या वाटेवर नेऊ नये. सेवेचे वा संकटाचे काम निघाले तर गोष्ट वेगळी. उरलेल्या आठ महिन्यांतही पडलेली चाकोरी सोडून नवी वाट पाडू नये. 'चाकोरीबाहेर' हा शब्द एरवी कौतुकाने वापरला जातो, पण रानात चाकोरीत राहणे हाच विवेक आहे. ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकण्यास सांगितले आहे. ही समिती मुख्यतः मुनींसाठी असली, तरी 'लो' गिअरमध्ये माणसाच्या चालीने जाणाऱ्या जीपमधून श्रावकालाही तिचा थोडासा अभ्यास करता येतो. वाटेत मुंग्यांची रांग, सरडा किंवा कासव दिसले तर थांबायला वेळ मिळतो. पाहता येत नसेल इतक्या वेगाने जायचे असेल, तर डांबरी रस्ता आहेच.

दिग्व्रत घेताना श्रावक आपल्या संचाराची सीमा आधीच ठरवितो. गाडी घेणाऱ्या कुटुंबानेही तसेच करावे. वर्षातून किती वेळा जायचे, कोणत्या महिन्यांत नाही, कोणत्या वाटांवर नाही, हे घरातील थोरामोठ्यांसह, मुलांना शेजारी बसवून ठरवावे आणि तो कागद नोंदणीपुस्तकाच्याच पाकिटात ठेवावा. नोंदणीपुस्तक गाडी कोणाची ते सांगेल आणि हा कागद ती कोठवर जाणार ते सांगेल. दोन्ही कागद चोख असतील, तर वडीलधाऱ्यांनीही पुढच्या आसनावर निःशंक बसावे.