पीण्यातली पंधरा तारीख

सकाळी ७.४०. बेंगळुरूत दासरहळ्ळीला मेट्रोत चढलं की दुसरं स्टेशन पीण्या इंडस्ट्री. जिना उतरताच तुमकूर रोडचा धूर, इडलीच्या गाडीभोवतीची गर्दी आणि गार्मेंटच्या बसमधून उतरून पळत सुटलेल्या बायका. पाच मिनिटं उशीर झाला तर त्यांचा पगार कापतात. आमचं युनिट सेकंड स्टेजला आहे. सीएनसी, व्हीएमसी, टर्निंगचं जॉबवर्क. मी तिथे पर्सोनेल बघते, म्हणजे हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय आणि कुणी वारलं तर त्याच्या घरच्यांचे कागद. हे शेवटचं काम माझ्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं.

आज पंधरा तारीख. गेल्या महिन्याचा पीएफ आणि ईएसआय भरायची शेवटची मुदत. पोर्टल आज हमखास रडतं.

८.३०. निपाणीकडचा एक पोरगा रुजू झाला. आयटीआय झालेला, सीएनसी ऑपरेटर, लग्न व्हायचंय. बेळगाव जिल्ह्यातली बरीच पोरं इथे आहेत. कन्नड येतं, मराठी घरची, त्यामुळे मला मॅडम न म्हणता ताई म्हणतात.

"नॉमिनी कोण घालू?"

"आईचं घाला की ओ ताई."

घातलं. पण त्याला बसवून सांगितलं, लग्न झालं की दुसऱ्या आठवड्यात इथे यायचं, कारण पीएफच्या नियमाप्रमाणे लग्नाआधीचं नामांकन लग्नानंतर चालत नाही, नवं करावं लागतं. पोरगा लाजला. "लग्नाचं आधी ठरू दे." सगळे हसून विषय टाळतात.

शिवाय हे एकाच फॉर्मवर भागत नाही. पीएफ आणि पेन्शनचं नामांकन वेगळं, ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ वेगळा, ईएसआयमध्ये कुटुंबाची नोंद वेगळी, पगाराच्या खात्याचा नॉमिनी वेगळा. एका ठिकाणी नाव घातलं की सगळीकडे लागलं, असा समज फोरमनपासून हेल्परपर्यंत सगळ्यांचा.

९.५०. पीएफ भरण्याची फाइल, ईसीआर, दोनदा परत आली. एकाच्या आधारवर नाव 'वडिलांचं नाव, आडनाव' असं, तर पीएफच्या यूएएन क्रमांकावर नुसती आद्याक्षरं. कर्नाटकात आद्याक्षरं लावतात, आपण पूर्ण नाव लावतो. जिवंत असताना हे सुधारायला एक अर्ज पुरतो. माणूस गेल्यावर त्याच फरकापायी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

११.००. वहिनी आल्या.

त्यांचा नवरा आमच्याकडे टर्नर होता. मूळ खानापूर तालुक्यातला. दोन महिन्यांपूर्वी रात्री छातीत कळ आली आणि गेला. वय त्रेचाळीस. बरोबर दीर होते, गावाहून रात्रीच्या गाडीने आलेले. वहिनींनी साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. "ह्यातलं काय कामाचं, काय नाही, मला कळत नाही. ते सगळं तेच बघायचे."

एकेक कागद उचलत गेले.

पीएफ. नॉमिनी आई, लग्नाआधीची. म्हणजे आता ते नामांकन उपयोगाचं नाही. रक्कम बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आई यांच्यात समान वाटली जाईल. त्यासाठी फॉर्म २०. पेन्शन वहिनींना आणि दोन्ही मुलांना, मुलांना पंचवीस वर्षांची होईपर्यंत. त्याला फॉर्म १०डी. आणि तिसरा फॉर्म ५आयएफ. त्याचं नाव काढलं तेव्हा दोघांनीही मान हलवली, ऐकलेलंच नव्हतं. पीएफ असलेल्या प्रत्येक कामगाराचा विमा असतो, ईडीएलआय, १९७६ पासूनचा. हप्ता कंपनी भरते, कामगाराच्या पगारातून दमडी कापत नाहीत, म्हणून पगाराच्या चिठ्ठीवरही तो दिसत नाही. वर्षभर सलग नोकरी असेल तर कमीत कमी अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख.

ग्रॅच्युइटी. एरवी कायम कामगाराला पाच वर्षांची अट, मृत्यू झाला तर तीही नाही. याची तर चांगली बारा-तेरा वर्षं भरलेली.

बँकेचं पासबुक. मी मे-जूनच्या नोंदी आधी बघते. होती. ४३६ रुपये वजा, पुढे इंग्रजी आद्याक्षरांची रांग. पंतप्रधान जीवनज्योती विमा, दोन लाखांचा. "हे काय कापलंय म्हणून मी त्यांच्याशी भांडले होते," वहिनी म्हणाल्या. कधीतरी बँकेत कुणी सही घेतली असणार. त्या एका ओळीवर बोट ठेवलं नसतं तर दोन लाख तसेच राहिले असते, कारण मागितल्याशिवाय ते कुणी आणून देत नाही.

घराचा लीजचा कागद. बेंगळुरूबाहेरच्यांना सांगायला हवं: इथे काही लाख एकरकमी घरमालकाकडे ठेवायचे, भाडं द्यायचं नाही, घर सोडताना पूर्ण रक्कम परत. पीण्यातल्या कामगाराची सगळ्यात मोठी पुंजी बहुधा हीच असते. स्टँप पेपरवर एकट्या नवऱ्याची सही. घरमालक भला आहे, पण तोही म्हणतो, पैसे कुणाच्या हातात देऊ ते लेखी आणा. करारात बायकोचं नाव असतं तर हा प्रश्नच आला नसता.

सोनं गहाण ठेवल्याची पावती. मुदत संपायला आठवडा. ती वर काढून ठेवली.

शेवटी एक छोटी वही, कन्नड आकड्यांची. चीटी. आपल्याकडची भिशी. एक लाखाची, उचललेली नाही, पावती नाही, फक्त तारखा आणि खुणा. शॉपफ्लोअरवरून चीटी चालवणाऱ्याला बोलावलं. तो हात पुसत आला, वही बघितली आणि म्हणाला, "हौदु, बाकी आहे, पुढच्या महिन्यात देतो." त्याने नाकारलं असतं तर आम्ही काय करणार होतो, हा विचार मी तिथेच सोडला.

साधारण कुटुंबाची इस्टेट ही अशी असते. वाडा नाही, शेअर नाहीत. दहा दारांशी थोडी थोडी रक्कम, आणि ती दहा दारं माहीत असलेला एकटाच माणूस. श्रीमंताचं सगळं सांभाळायला सीए आणि वकील असतो. त्याच्या वारसांना निदान यादी तरी मिळते. म्हणून मला वाटतं, यादी आणि कागद वेळेत करून ठेवण्याची खरी गरज पंचवीस-तीस हजार पगाराच्या घराला जास्त आहे. त्यांचे चार-पाच लाख अडकले की मुलाची फी थांबते.

मग दिरांनी हळूच एलआयसीची पॉलिसी पुढे केली. "दादानं माझं नाव घातलं होतं. म्हणजे हे माझं, ना?"

माणूस लबाड नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि वाटणारे लाखो आहेत. मी सांगितलं, नॉमिनीने रक्कम घ्यायची आणि वारसांना द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्येच, सरबती देवी खटल्यात, हे सांगितलंय. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं असतील तर विम्याचे पैसे त्यांचेच होतात; भाऊ त्या यादीत नाही. आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पुरुषाच्या संपत्तीत बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांचा सारखा वाटा. वडील त्या पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. हे ऐकून वहिनीही दचकल्या, दीरही.

माझ्या टेबलामागे कालनिर्णय लटकलंय. त्याकडे बोट दाखवून मी त्यांना तिसरी गोष्ट सांगितली. कालनिर्णयचे संस्थापक जयंत साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी गेले. २०११ चं मृत्युपत्र होतं. तरी काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर जे नॉमिनी होते ते मालक की नुसते विश्वस्त, यावर घरातला वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल १४ डिसेंबर २०२३ रोजी लागला: नॉमिनी झाल्याने मालकी येत नाही, वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने जे ठरेल तेच खरं. दहा वर्षं. त्या घराला ती परवडली असतील.

दीर बराच वेळ पॉलिसीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वैनीच्या नावावर करायला कुठं सही करू?" त्यांची वाट सरळ होती, सगळ्यांची नसते.

एक अडचण उरलीच. वहिनींच्या आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि लग्नात नाव बदललेलं असल्याने पहिलं नावसुद्धा वेगळं. लग्नाची नोंदणी केलेली नाही. आता ही बाई तीच, हे सिद्ध करणं आलं.

१.००. जेवण. निवृत्तीला टेकलेल्या फोरमनना विचारलं, काका, तुम्ही मृत्युपत्र केलंय का? "भरल्या घरात कशाला अभद्र बोलता?" हेच गृहस्थ दर वर्षी विम्याचा हप्ता न चुकता भरतात. तोही मरणाचाच करार आहे, पण एजंट गोड बोलतो.

२.००. शिफ्ट बदलली. हजेरी, ओव्हरटाइम, एकाची बोटाला लागलेली जखम, ईएसआय दवाखाना.

३.३०. इन्स्पेक्शनमधल्या मावशी आल्या. विधवा, मूलबाळ नाही, आईला सांभाळतात. पंधरा वर्षांच्या पगारातून नेलमंगलकडे एक साइट घेतली आहे. त्यांनी बारा वाजताचं आमचं बोलणं काचेपलीकडून ऐकलं होतं. "माझं कुणाला जाईल?"

सांगताना मला दर वेळी अवघड जातं. मूल नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्राशिवाय गेली तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांना जातं, मग तिच्या आईवडिलांना. ज्या दिराने तेराव्यानंतर तोंड दाखवलं नाही, तो आईच्या आधी. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वारसा कायद्यातल्या याच कलमाच्या संदर्भात बायकांना मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं. कायदा बदलेल तेव्हा बदलेल.

मावशींना वाटत होतं वकील, स्टँप पेपर, हजारोंचा खर्च. मी प्रिंटरमधला कोरा कागद दिला. हाताने लिहिलेलं चालतं, कन्नडमध्ये चालतं, मराठीत चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केली तर वादाला जागा कमी. लिहिणाऱ्याची सही, आणि ती सही होताना बघितलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीला घेऊ नये, आणि साक्षीदार आपल्याहून तरुण असावेत. मावशींनी तिथेच कच्चा मजकूर लिहिला. चार ओळी. साइटचा नंबर चुकीचा पडला म्हणून घरून कागद आणते म्हणाल्या.

५.१०. पोर्टल चाललं, चलन निघालं, पैसे गेले.

५.४५. दिरांचा फोन, बस स्टँडवरून. गावच्या उताऱ्यावर दादाचं नाव आहे, ते कसं करायचं? वंशवृक्षाचा दाखला नाडकचेरीतून काढा, मृत्यूचा दाखला जोडा आणि वारसा नोंदवा. पुतणीचंही नाव घाला, नुसतं पुतण्याचं नको. वडिलोपार्जित मालमत्तेतला मुलींचा जन्मसिद्ध वाटा कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने १९९४ मध्येच मान्य केलाय, देशाने २००५ मध्ये. "घालतो," म्हणाले.

निघताना नोटीस बोर्डावर एक कागद लावला, कन्नडमध्ये आणि खाली मराठीत. वाचकांनाही तेच सांगते. लग्न झालेलं असेल आणि पीएफला अजून एकट्या आईचंच नाव असेल, तर या आठवड्यात ई-नामांकन नव्याने करा. आधार आणि घरच्यांचे फोटो हाताशी ठेवा. आई तुमच्यावर अवलंबून असेल तर तिचं नाव काढायची गरज नाही. प्रत्येकाच्या नावापुढे टक्के घालता येतात.