शून्याच्या डावीकडे

अंगणात चुन्याची एक आडवी रेघ ओढा. मधोमध शून्य मांडा. पावलापावलावर उजवीकडे १, २, ३ आणि डावीकडे उणे १, उणे २, उणे ३ लिहीत जा. मुलांच्या पुस्तकातली संख्यारेषा ती हीच. उजवीकडच्या धन संख्या, डावीकडच्या ऋण; शून्य कोणातच नाही. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानेही धन आणि ऋण हेच शब्द वापरले. धन म्हणजे गाठीचा पैसा, ऋण म्हणजे कर्ज.

समजा, गाठीला काही नाही आणि सोसायटीचे ८ हजार देणे आहे. व्याज तूर्त बाजूला ठेवू. तुम्ही उणे ८ वर उभे आहात. कापसाचे ५ हजार आले, उजवीकडे पाच पावले टाका. कुठे पोचलात? उणे ३ वर! खिसा जड लागतो, म्हणून आपण लगेच बाजाराची वाट धरतो. पण शून्य अजून तीन पावले पुढेच असते.

उणे ८ मोठे की उणे ३? पोरे हटकून ८ म्हणतात. रेघेवर उजवीकडची संख्या नेहमी मोठी, म्हणून उणे ३ मोठे. कमी कर्जाचा माणूस बऱ्या स्थितीत, हे त्यांना घरात दिसतेच.

आता हीच रेघ उभी करा. जमीन म्हणजे शून्य. विहिरीचे पाणी उणे १२ हातांवरून उणे ७ वर आले, तर किती हात चढले? आज जेवताना पोरांना विचारा.