तीन मिलिमीटर आणि एक जोडाक्षर

ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. तिला तीनने भागलं की ९९ येतात, आणि तीन घड्यांच्या माहितीपत्रकातली पहिली चूक इथेच होते. आत दुमडणारं पान इतर दोघांएवढंच रुंद ठेवलं, तर ते घडीच्या सांध्यावर अडतं, कडेला सुरकुती येते आणि पत्रक फुगीर दिसतं. म्हणून छपाईतले जाणकार १००, १०० आणि ९७ अशी विभागणी करतात. झेड घडी असेल, म्हणजे पानं एकावर एक उलटसुलट पडणार असतील, तर मात्र सरळ ९९चे तीन भाग चालतात.

कामोठ्यात या तीन मिलिमीटरांना गिऱ्हाईक भरपूर. सिडकोने वसवलेला हा भाग २०१६पासून पनवेल महापालिकेत आहे. मानसरोवर स्टेशनच्या बाहेर पडलं की क्लासेस, दातांचे दवाखाने, जिम आणि इस्टेट एजंट यांच्या पाट्या एकमेकींना खेटून दिसतात. यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी पत्रक छापायचं असतं. हल्ली ते डिझायनरकडे न जाता स्वतःच किंवा घरातल्या कॉलेजकुमाराकडून करून घेण्याकडे कल असतो. मग प्रश्न येतो: कशात करायचं?

सॉफ्टवेअरची किंमत आणि त्यातले तयार नमुने हे दोन मुद्दे लोक आधी बघतात. मराठी पत्रकासाठी खरं तर पहिली परीक्षा अक्षराची घ्यायला हवी. ‘विद्यार्थी’, ‘प्रशिक्षण’, ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द टाइप करून बघावेत. पहिल्यात ऱ्हस्व वेलांटी, ‘द्य’चं जोडाक्षर आणि रफार आहे. तिसऱ्यात मराठीची खास ओळख असलेला अर्धा ‘ऱ’ आहे. हे जिथे तुटतात, ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी उपयोगाचं नाही.

अडॉबीच्या इनडिझाइनमध्ये नवशिक्याला हा झटका हमखास बसतो. व्यावसायिक पानरचनेसाठी ते उत्तम. पण परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला नसेल तर वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं सुटी पडतात. दोष फॉन्टला दिला जातो. फुकट मिळणाऱ्या स्क्रायबसचीही जुनी आवृत्ती देवनागरीत अशीच अडखळायची. २०२४च्या जानेवारीत आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती अडचण दूर झाली आहे. ज्याला थोडं शिकायची तयारी आहे आणि पैसे घालायचे नाहीत, त्याने स्क्रायबस जरूर वापरून पाहावं. मोजमाप, ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला रंग), सीएमवायके (छपाईचे चार रंग) हे सगळं त्यात आहे.

छापखान्यांची तऱ्हा वेगळी. तिथे अजून कोरलड्रॉचं राज्य आहे आणि काही संगणकांवर पेजमेकरही तग धरून आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. त्याला युनिकोड कळत नाही, म्हणून त्यात श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी बसवतात. गिऱ्हाईक मात्र मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतं, तो युनिकोडमध्ये. मधे कन्व्हर्टर लागतो, आणि त्या प्रवासात एखादा ‘ष्ट’ किंवा ‘ऱ्य’ गळतो. मुद्रितशोधन रूपांतरानंतर पुन्हा करायचं, ते यासाठी.

युनिकोड मराठीच्या या वाटेवर नवी मुंबईचाही वाटा आहे. विंडोजमध्ये अनेक वर्षं सोबत करणारा ‘मंगल’ हा फॉन्ट अक्षरकार र. कृ. जोशी यांचा. ते ज्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेशी जोडलेले होते, ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि सी-डॅक मुंबईचं खारघर केंद्र कामोठ्यापासून फार लांब नाही. आज गूगल फॉन्ट्सवर ‘मुक्ता’, ‘बालू’ असे एक टाइप या गटाचे फॉन्ट मोफत मिळतात. निवडताना ‘ल’ आणि ‘श’ नीट पाहावेत: बऱ्याच फॉन्टांत ही अक्षरं आपोआप हिंदी वळणाची येतात, आणि मराठी वाचकाला ते खटकतं.

कॅनव्हाचं काय? २०१३मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं हे साधन ब्राउझरमध्ये चालतं, फोनवरही. दोन तासांत क्लासचं पत्रक उभं राहतं, हे खरं. पण नेटवरचे कितीतरी नमुने अमेरिकी लेटर मापाचे, २७९ बाय २१६ मिलिमीटरचे असतात. ए-फोरवर ते छापले की घडीचा हिशेब कोलमडतो. शिवाय सीएमवायकेमध्ये फाइल काढण्याची सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे. पडद्यावरचा झगमगीत निळा कागदावर मळकट उतरतो तो यामुळे. शे-दोनशे प्रती डिजिटल मशीनवर काढायच्या असतील तर एवढं चालून जातं. हजारोंनी ऑफसेटला टाकायच्या असतील तर नाही.

पनवेल परिसरात सगळ्यात गुळगुळीत पत्रकं बिल्डरांची. त्यांत एक कायदेशीर चौकोनही बसवावा लागतो. १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. हा कोड घडीवर आला, की रेघ पडून स्कॅन व्हायला त्रास देतो. तो पानाच्या मधोमध, पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवलेला बरा. जाड आर्ट पेपर असेल तर घडी घालण्याआधी क्रीजिंगही, म्हणजे घडीच्या जागी रेघ दाबून घ्यायलाही, सांगून ठेवावं, नाहीतर गडद रंगावर घडीपाशी शाई तडकते आणि पांढरी रेघ उठते.

काम सुरू करण्याआधी साधा कागद दुमडून त्यावर हाताने पानांचे आकडे टाकले, तर बरीच डोकेदुखी वाचते. बाहेरच्या बाजूला डावीकडे ९७चं आत जाणारं पान, मधे मागचं, उजवीकडे मुखपृष्ठ. आतल्या बाजूला ९७चं पान उजवीकडे. घरच्या प्रिंटरवर नमुना काढताना कागद आखूड कडेवरून उलटवायचा, नाहीतर मागची बाजू डोक्यावर उभी राहते.

शेवटी छापखान्यातून निरोप येतो: फाइल कर्व्ह करून पाठवा. अक्षरांचे आकार बनवले की फॉन्ट नसला तरी मजकूर हलत नाही, पण मग तो दुरुस्तही करता येत नाही. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवलेली नसेल, तर पुढच्या जूनमध्ये क्लासची फी वाढली की अख्खं पत्रक पुन्हा टाइप करावं लागतं.