जठराचा जुनाट दाह

श्रोतेहो, ‘आमचें पोट जरा नाजूकच’ हें वाक्य आपण किती घरांत ऐकतों! दोन घास खातांच तडस लागणें, बेंबीच्या वर जळजळ, मळमळ. मग चिमूटभर सोडा घेतला कीं काम भागलें. जठराच्या अस्तराचा जुनाट दाह याच आडोशाला वर्षानुवर्षें राहतो. पुष्कळदां तो मुळींच जाणवत नाहीं. दुर्बिणीनें जठर पाहून अस्तराचा कण तपासल्यावांचून त्याची खात्री होत नाहीं.

दोष केवळ तिखटाचा, ही समजूत जुनी. ऑस्ट्रेलियांतील पर्थचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनीं १९८४ सालीं हेलिकोबॅक्टर नांवाचे जंतु स्वतः प्राशन केले आणि थोड्याच दिवसांत त्यांना जठरदाह झाला! (धाडस खरें, अनुकरणीय नव्हे.) त्या जंतूंवर आज औषध आहे. सांधेदुखीच्या गोळ्याहि अस्तरास इजा करितात.

सर्वांत फसवा प्रकार मात्र निराळाच. त्यांत शरीरच आपल्या जठरावर उलटतें. पोट बहुधा दुखत नाहीं. पण ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषलें जात नाहीं. चेहरा फिकट पडतो, जीभ गुळगुळीत होते, पायांस मुंग्या येतात, आणि आजीबाई ‘वयच झालें’ म्हणून गप्प बसतात. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानि भरून येईलच असें नाहीं. म्हणून रक्त वेळींच तपासून घ्यावें.

डांबरासारखें काळें शौच किंवा रक्ताची वांती झाल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. वजन उगाच घटत असेल, घास गिळतांना अडत असेल, तर सोड्याचा डबा बाजूस ठेवून डॉक्टरांस भेटावें. लोहाच्या गोळ्यांनींहि शौच काळें होतें. त्या चालू असल्यास तसें त्यांना सांगावें.