आधी दात, मग कॅप

सकाळी ९:३०
जालना रोडवरून माणसं चिकलठाणा एमआयडीसीकडे निघालेली असतात तेव्हा मी मुकुंदवाडीतल्या दवाखान्याचं शटर उघडतो. पहिलं काम टाकी बघायचं. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि दातांचा दवाखाना पाण्याशिवाय चालत नाही. मग अवजारं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावायचा आणि कालची मापं लॅबच्या मुलासाठी बांधून ठेवायची.

१०:१५
पहिली रुग्ण लग्न ठरलेली मुलगी. शाळेत असताना पडून समोरचा दात तुटला होता, त्यावर रूट कॅनाल करून कॅप बसवलेली आहे. "डॉक्टर, पुढच्या महिन्यात लग्न आहे. सगळे दात पांढरेशुभ्र करून द्या."

तिच्या हातात आरसा देतो आणि कॅपशेजारी शेड गाइडची पट्टी धरतो. या गाइडमध्ये ए१ पासून डी४ पर्यंत १६ छटा असतात. तिची कॅप ए३, शेजारचे दातही ए३. कोणाच्या लक्षातही येणार नाही इतका मेळ बसलाय. ब्लिचिंगच्या जेलमधलं पेरॉक्साइड इनॅमलमधून आत डेंटिनपर्यंत झिरपतं आणि रंग देणारे रेणू तोडतं. सिरॅमिकवर त्याचा काही परिणाम होत नाही, कारण कॅपचा रंग लॅबमध्येच पक्का झालेला असतो. म्हणजे बाकीचे दात उजळणार आणि ही एकच कॅप पिवळी उठून दिसणार.

नीट करायचं तर आधी ब्लिचिंग, मग रंग स्थिरावायला किमान दोन आठवडे आणि त्यानंतर नव्या रंगाची कॅप. एवढं सगळं महिन्यात घाईनं उरकू नये. "ताई, आत्ता स्केलिंग आणि पॉलिश करू. बाकीचं लग्नानंतर." ती थोडी हिरमुसते, पण आरशात पुन्हा एकदा बघून हो म्हणते.

११:४५
कंपनीतले एक काका. तंबाखू-चुन्याचे डाग आणि समोरच्या दोन दातांना जुनं सिमेंट, म्हणजे कंपोझिट. घरी लिंबू-सोडा आणि कोळशाची पावडर घासून झालेली आहे. लिंबानं इनॅमल झिजतं, खरखरीत पावडरीनं सिमेंटची चकाकी जाते आणि खरबरीत झालेल्या जागी डाग आणखी लवकर धरतात. स्केलिंग आणि पॉलिश केल्यावर वरवरचे डाग निघतात. सिमेंटचा मूळ रंग मात्र ब्लिचिंगनंही बदलत नाही, तो बदलायचा तर सिमेंटच बदलावं लागतं. तंबाखू सोडायचं बोलणं याच खुर्चीत होतं, कारण तोंडाच्या कॅन्सरपुढे डाग ही किरकोळ गोष्ट आहे.

दुपारी १:००
नव्या कॅपचा रंग घेण्यासाठी ही वेळ मी मुद्दाम राखून ठेवतो. खुर्चीवरचा दिवा बंद करायचा, लिपस्टिक पुसायला सांगायचं आणि खिडकीच्या उजेडात पट्टी दाताला लावायची. दाताला हात घालण्याआधीच रंग ठरवायचा, कारण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडा पडतो आणि आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. त्या फसव्या रंगावर केलेली कॅप जन्मभर वेगळी दिसते.

सायंकाळी ५:३०
दुपारच्या सुट्टीनंतर एक शिक्षिका येतात. यांची अडचण उलटी आहे. कॅप जुनी, पण उजळ. वयानं आणि चहानं भोवतालचे दात काळवंडलेत. इथे ब्लिचिंग खरं कामी येतं. आधी कॅपची कड तपासतो. फट किंवा कीड असेल तर जेल आत शिरून सणक मारते. कड शाबूत आहे, म्हणून दातांच्या मापाचा ट्रे आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड देतो. त्यातून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. रात्री ट्रे घालून झोपायची ही पद्धत हेवूड आणि हेमन यांनी १९८९ मध्ये मांडली आणि आजही तीच भरवशाची आहे. "मॅडम, दात सणकले तर एक दिवस खाडा करा. दर आठवड्याला दाखवायला या. कॅपच्या रंगाला दात आले की थांबायचं, पुढे जायचं नाही."

रात्री ८:३०
शेवटचा तरुण मोबाइलवर ब्लिचिंगचं किट दाखवतो. समोरच्या दातांवर चार व्हेनिअर, म्हणजे चिकटवलेले पातळ पापुद्रे आहेत, हे तो विचारल्यावर सांगतो. युरोपीय संघानं २०११ मध्येच नियम केला की ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेलं उत्पादन फक्त दंतवैद्याकडूनच सुरू व्हावं आणि अठरा वर्षांखालील कोणाला देऊ नये. कारण साधं आहे: आधी तोंडात काय काय आहे ते कोणीतरी बघायला हवं.

तेव्हा दात उजळवायचे असतील तर तोंडात कॅप, व्हेनिअर किंवा सिमेंट कुठे आहे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. आणि नवी कॅप बसवायची असेल, तर दात उजळवायचे की नाही याचा निर्णय माप देण्याआधी घ्या. दाताचा रंग नंतर बदलता येतो, कॅपचा येत नाही.