नाटकाचे सुतक

आमच्या गल्लीत कुणी गेले की काय करायचे, हे कुणाला शिकवावे लागत नाही. त्या घरची चूल पेटत नाही, शेजारच्या बायका भाकरी-पिठले पोचवतात. पुरुष माणसे पंचगंगेच्या घाटावर शेणीचे बघतात. रक्षाविसर्जनाला कोण येणार, टोपी कोण घालणार, सुतक किती दिवसांचे, सारे नात्यावरून ठरते. पण ज्याचे आपण काहीच लागत नाही, ज्याचे आडनावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, असा माणूस गेला तर काय करायचे? हा प्रश्न मला नाटकामुळे पडला. म्हणून हा लेख.

आधी स्वतःबद्दल थोडे सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमचे आबा मार्केट यार्डात हमाल आहेत. गुळाच्या रव्यांनी त्यांची पाठ रुंद झाली आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. नाटक हा शब्द आमच्याकडे फक्त ‘नाटकं करू नकोस’ एवढ्याच वाक्यात यायचा! अकरावीत असताना आमच्या बाईंनी राज्य नाट्य स्पर्धेची दोन तिकिटे हातात ठेवली आणि ‘बघून ये’ म्हणाल्या. दुसरे तिकीट आबांसाठी होते. ते आत आले नाहीत. ‘मला काय कळतंय त्यातलं? मी हाय भाईर’ म्हणून तीन तास चहाच्या गाडीजवळ गाडी लावून बसले. त्यानंतर मी जेवढी नाटके पाहिली तेवढी आबांनी बाहेर बसून ऐकली असे म्हटले तरी चालेल.

ते नाट्यगृह म्हणजे कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराजांनी ते बांधले, १९१५ साली ते सुरू झाले. त्या वेळी त्याचे नाव पॅलेस थिएटर होते. शेजारी महाराजांचेच खासबाग कुस्ती मैदान. एका भिंतीच्या अलीकडे नाटक आणि पलीकडे कुस्ती, असा शेजार दुसऱ्या गावात असेल असे मला वाटत नाही.

स्पर्धेला नेहमी येणारी मंडळी साधारण तीच असतात, हे चार-पाच नाटकांत माझ्या लक्षात आले. तिकीट चहा-वड्याच्या पैशातले, त्यामुळे हौशी माणूस रोज येऊ शकतो. रुमाल टाकून जागा धरायची, नसलेल्याची चौकशी करायची, मध्यंतरात बटाटेवड्याच्या कागदावर नेपथ्य कसे हवे होते ते बोटाने काढून दाखवायचे, असा तो संसार. नावे कुणी विचारत नाही. ‘क’ रांगेतले एक वृद्ध गृहस्थ, त्यांना सगळे आप्पा म्हणत. एक बँकेतून निवृत्त झालेल्या मावशी. एक काका नटाच्या आधी ओठ हलवून वाक्य म्हणत, म्हणून त्यांना प्रॉम्प्टर काका. (एकदा नट खरोखर अडला आणि काकांनी तिसऱ्या रांगेतून वाक्य पुरवले, तेव्हा टाळी काकांना पडली.) आणि एक रिक्षावाले दादा. त्यांना धंद्यामुळे पहिला अंक कधीच बघायला मिळत नसे. मध्यंतरात ते येत, आम्ही त्यांना चहा पिता पिता पहिला अंक सांगायचा आणि मग त्यांनी दुसरा बघायचा. त्यांना सांगता सांगता मला नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगण्याची सवय लागली. परीक्षेत तिचा फार उपयोग झाला.

आता ही मैत्री नेमकी कशाची? माझ्या मते तिचे मूळ ‘प्रयोग’ या शब्दात आहे. सिनेमा आज पाहिला काय आणि दहा वर्षांनी पाहिला काय, पडद्यावर तेच दिसते. नाटकाचा प्रयोग मात्र पडदा पडला की संपला. उद्याचा प्रयोग वेगळा. स्पर्धेतील कितीतरी नाटकांचा तर एकच प्रयोग होतो. महिना-दीड महिना तालमी करून, पदरचे पैसे घालून हौशी मंडळी ते उभे करतात आणि अंतिम फेरीत निवड झाली नाही तर ते तिथेच संपते. मग ते नाटक कुठे उरते? ज्यांनी पाहिले त्यांच्यात. त्या रात्री शे-दीडशे माणसे असतील तर तेवढ्या माणसांत. म्हणूनच नाटकवेडे एकमेकांना सारखे विचारतात, ‘ते तुम्ही पाहिलंय का?’ ‘पाहिलंय’ म्हटले की ओळख पटली. जात, गाव, हुद्दा यांची चौकशी त्यानंतर, आणि बहुधा होतच नाही. आमच्या गल्लीत ती सर्वांत आधी होते.

दुःखाच्या बाबतीत या मंडळींची रीत निराळी आहे, ती मी पहिल्यांदा २०२२ च्या नोव्हेंबरात पाहिली. २६ तारखेला पुण्यात विक्रम गोखले गेले. मी त्यांना टी.व्ही.वर आणि सिनेमात तेवढे पाहिलेले. त्यानंतरच्या एका प्रयोगाआधी सगळ्यांना उभे करून दोन मिनिटे स्तब्धता पाळली गेली. मग तिसरी घंटा झाली आणि नाटक सुरू. मला ते विचित्रच वाटले. गेलेल्या माणसासाठी फक्त दोन मिनिटे? आणि लगेच विनोदी नाटक!

मध्यंतरात मी हे बोलून दाखवले. आप्पा म्हणाले, ‘पोरी, सुतक आत्ता चाललंय की. ऐक.’ खरेच, चहाच्या गाडीभोवती सगळे गोखल्यांबद्दलच बोलत होते, पण ‘फार वाईट झालं’ असे कुणी म्हणत नव्हते. मावशी दळवींच्या ‘बॅरिस्टर’बद्दल सांगत होत्या. गोखले कुठे थांबले, विजयाबाई मेहता समोरून कशा बघत होत्या, ते त्या चालून दाखवत होत्या. प्रॉम्प्टर काकांनी पाहिलेला प्रयोग दुसऱ्या गावचा होता. त्यांच्या मते ते थांबणे तिथे नव्हतेच. दोघांचा वाद जुंपला. रिक्षावाले दादा मध्येच म्हणाले, ‘म्हंजे दोन्ही खरं असंल की.’ तेव्हा मला उमगले की हे सांत्वन आहे. ज्याने जे पाहिले ते त्याने दुसऱ्यापाशी ठेवायचे. घरी जाऊन भेटायला आपण घरचे नव्हे. तिरडीला खांदा द्यायचा हक्क आपला नाही. आपल्याजवळ आहे काय, तर पाहिलेला प्रयोग. त्याचीच भाकरी करून एकमेकांना वाढायची.

आप्पा सांगत, २०१९ च्या डिसेंबरात डॉ. श्रीराम लागू गेले तेव्हा तर ‘नटसम्राट’वरून चार संध्याकाळी भांडण चालले होते. डिसेंबर १९७० मध्ये ते नाटक आले, लागूंनंतर दत्ता भटांनीही ते केले. आप्पांनी दोघांचे पाहिले होते. मी मोबाइलवर लागूंचे चित्रण पाहिले आहे असे म्हणाले, तर आप्पा हसले. ‘ते फोटो बघून लग्नाला गेलो म्हणण्यासारखं झालं!’ हे मला पूर्ण पटलेले नाही. ज्याच्या गावी नाटक येत नाही, ज्याला तिकीट परवडत नाही, त्याने चित्रणसुद्धा बघू नये की काय? आप्पांशी माझा हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

नाटक थांबवायचे नाही, ही रीत फार जुनी आहे. १२ मार्च १९११ ला मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. खाडिलकरांचे नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्व. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरी ते रात्री रंगमंचावर उभे राहिले. ही गोष्ट आपण नेहमी नटाच्या कर्तव्यनिष्ठेची म्हणून सांगतो. मला मात्र समोरच्या लोकांचे कुतूहल वाटते. ज्यांना बातमी कळली असेल त्यांनी टाळ्या वाजवायच्या की नाहीत? मुलीच्या आईचे त्या रात्री काय झाले असेल, हेही कुणी सांगत नाही. माझी आई ही हकीकत ऐकून एवढेच म्हणाली, ‘बापाला कामावर जावंच लागतंय गं.’

आता आमच्यावरच आलेल्या प्रसंगाकडे वळते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, खुर्च्या, छप्पर सारे जळाले, दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. दुसरा दिवस, ९ ऑगस्ट, हा केशवरावांचा जन्मदिवस. ते १८९० साली जन्मले. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. पुढे तीन महिनेही झाले नाहीत, तोच ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघे एकतीस. त्यांचे गाणे समोर बसून ऐकलेला माणूस आज कुठून असणार? पण आप्पांच्या आजोबांनी ते ऐकले होते आणि आप्पांना सांगितले होते. आप्पांनी ते आम्हाला सांगितले. असे ते गाणे, स्वर नसलेले का होईना, माझ्यापर्यंत आले आहे.

नऊ तारखेला सकाळी आबांनी आपण होऊन गाडी काढली. ‘चल, बघून येऊ.’ कुणाच्या घरी मयत झाल्यावर म्हणावे तसे ते म्हणाले. तिथे गर्दी होती. नट होते, तंत्रज्ञ होते, नुसते बघे होते, कितीतरी मोठी माणसे उघड रडत होती. जळक्या लाकडाचा वास खासबागेपर्यंत येत होता. आमची मंडळी एकेक करून सापडली. कुणी काही ठरवले नव्हते. मावशी म्हणाल्या, ‘माझी खुर्ची गेली गं.’ प्रॉम्प्टर काकांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. सर्वांत वाईट अवस्था आप्पांची. ते भिंतीला टेकून उभे होते, पाय लटपटत होते. आबांनी त्यांना गाडीवर बसवले आणि घरी सोडून आले. माझे आबा आणि आप्पा यांची खरी भेट ती एवढीच.

सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. मंडळी दुसऱ्या सभागृहातल्या नाटकांना जाऊ लागली. तिथे ‘क’ रांग आहे, पण तिच्यातून खांब आडवा येतो. तरी आप्पा ‘क’मध्येच बसत.

२०२५ च्या जुलैत आबा यार्डातून आले आणि दारातच म्हणाले, ‘तुमचं आप्पा गेलं की गं. परवा.’ यार्डातल्या एका हमालाची बहीण त्यांच्या शेजारी राहते, तिच्याकडून कळले. आमच्यापैकी कुणालाच घर माहीत नव्हते. माहीत होते ते फक्त आबांना! मग आबांच्या मागून आम्ही निघालो. मी, मावशी, प्रॉम्प्टर काका, आणि भाडे न घेता रिक्षा घातलेले दादा. रक्षाविसर्जन होऊन गेले होते. सूनबाईंनी बसायला सतरंजी टाकली, पाणी दिले आणि साहजिकच विचारले, ‘तुम्ही त्यांचे कोण?’

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मित्र म्हणावे तर मी एकोणीस वर्षांची आणि ते अठ्ठ्याहत्तर. एका ऑफिसातले नव्हेत, पाहुणे नव्हेत. शेवटी आबाच बोलले. ‘नाटकाची माणसं हाईत ही. मामांच्या शेजारी बसायची.’

सूनबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘रात्री अकराला यायचे आणि कोणाला न उठवता गार भाकरी खायचे. आम्हाला वाटायचं, एकटेच जातात आणि एकटेच येतात.’ मावशींनी त्यांचा हात धरला आणि मामा रांगेत कसे बसत, मध्यंतरात वड्यातली मिरची काढून दुसऱ्याला कशी देत, कुठल्या नाटकाला उठून गेले आणि कुठल्या नाटकाला डोळे पुसले, हे सांगायला सुरुवात केली. सूनबाईंनी आतून नवऱ्यालाही बोलावून घेतले. तासभर आम्ही तिथे होतो. निघताना त्यांनी चहा केला. सुतकातल्या घरचा चहा घ्यावा की नाही, असा विचार माझ्या मनात आला खरा, पण आबांनी कप उचललेला पाहून मीही घेतला.

एक गोष्ट राहून गेली. आप्पा खिशात एक छोटी वही ठेवत. प्रत्येक नाटकाची तारीख, कलाकार आणि एक ओळ स्वतःचे मत. अशा वह्या घरी पुष्कळ आहेत असे ते म्हणायचे. त्या रद्दीत गेल्या की आहेत, हे विचारायचा धीर त्या दिवशी आम्हाला झाला नाही. मावशी म्हणतात, थोडे दिवस जाऊ द्यावेत. रिक्षावाले दादा म्हणतात, रद्दीवाला थांबत नसतो. येत्या रविवारी पुन्हा जायचे ठरले आहे. आबांना त्या दिवशी यार्डाची सुटी आहे.